मोराच्या झारीतलं ताक

"पितळ? माझ्या पणजोबांची सोन्याची झारी पितळेची?" रायाजीराजे असे ओरडले, की पंखा ओढणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला.

समोर हरबा तांबट भिजलेल्या मांजरासारखा उभा होता. झारीवरच्या मोराची चोच निखळली होती आणि झारी तर राजकन्येच्या लग्नात आहेर म्हणून जायची होती, म्हणून त्याला बोलावलं होतं. हरबाने चोच पाहिली आणि त्याच्या तोंडातून खरं निसटलं, "पितळ आहे, सरकार. पितळेचाच डाग द्यावा लागेल."

झालं! दरबारातली पिकली डोकी एकदम हलायला लागली.

"दर दसऱ्याला ही झारी मी उचलतो," थोरले काकासाहेब गरजले. "खांदा निखळतो माझा, खांदा! सोन्याशिवाय असलं वजन असतं?"

शास्त्रीबुवांनी देवाची शपथ घेतली, झारी सोन्याचीच. कारभाऱ्यांनी शास्त्रीबुवांची शपथ घेतली. एकमेकांना माना डोलावण्याचं काम या मंडळींनी जन्मभर इमानाने केलं होतं. दुसरं काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

राजे हट्टाला पेटले. "हरबा, उद्या दिवस मावळायच्या आत झारी पितळेची आहे हे सिद्ध कर! कसोटीवर घासायची नाही, तापवायची नाही, तोलायची नाही, तुझं बोटसुद्धा लागता कामा नये. आणि माझ्या या वडीलधाऱ्यांनी आपल्या तोंडाने कबूल केलं पाहिजे. नाहीतर तुझी भट्टी मोडून तुला वेशीबाहेर काढतो!"

हरबा घरी येऊन डोकं धरून बसला. जातीतले दोन म्हातारे सांत्वनाला आले आणि मोठ्यांपुढे तोंड उघडलंसच कशाला म्हणून त्यालाच झापायला लागले. हरबाची मुलगी साळू परात घासत होती. ती तशीच राखेच्या हातांनी उठली.

"आजोबा, बोलून झालं असेल तर निघा. घर आमचं जाणार आहे, तुमचं नाही."

म्हातारे पुटपुटत गेले. साळूने विचारलं, "आबा, त्या झारीत कधी काही भरतात?"

"छे! नुसती मिरवतात."

"आतून कल्हई आहे?"

"सोन्याच्या झारीला कल्हई कोण करील? केली की पितळ उघडं पडलंच!"

साळू खुदकन हसली. "मग उद्या मी येते बरोबर. तुम्ही फक्त गप्प बसायचं. जमेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साळू दरबारात उभी. "महाराज, मी झारीला हात लावत नाही. तुमच्याच माणसाकडून तिच्यात आंबट ताक ओतवा. दुपारी जेवणं झाली की या थोर मंडळींना तेच प्यायला द्या."

"एवढंच?"

"एवढंच."

राजांना त्यात काही वावगं दिसेना. दिसणार कसं? बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हिरवं पडतं आणि पिणारा पोट धरून लोळतो, हे घरोघरी माहीत असतं. पण राजांनी जन्मात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. काकासाहेबांचा चेहरा मात्र तिथेच उतरला.

दुपारी पंगत उठायच्या बेतात झारीतलं ताक पेल्यांत ओतलं गेलं. काकासाहेबांनी पेला हळूच लांब सरकवला.

"मला आज उपास आहे."

"काकासाहेब, आत्ता तर पुरणपोळ्या हाणल्यात!" राजे म्हणाले.

"तो... आत्ता धरला."

शास्त्रीबुवा खोकले. "मला ताकाने घसा धरतो."

"काल शपथ घेताना तर ठणठणीत होता की, बुवा!" साळू म्हणाली.

कारभारी म्हणाले, "शास्त्रीबुवा प्यायले की मी लगेच पितो."

राजे वैतागले. "अरे, पूर्वजांच्या सोन्याच्या झारीतलं ताक आणि पिणारा कुणी नाही? आणा इकडे, मीच पितो!" त्यांनी पेला उचलून ओठाला लावला.

"नको, नको!" तिघेही एकदम झेपावले. काकासाहेबांनी पेल्याला असा फटका मारला, की हिरवट ताक शास्त्रीबुवांच्या धोतरावर सांडलं. "कळकलंय ते! मराल, राजे!"

"सोन्यात ताक कळकलं?" राजांनी शांतपणे विचारलं.

शेवटी काकासाहेब मान खाली घालून म्हणाले, "पितळच आहे. उचलताना धापा टाकायच्या, हे आम्हाला आमच्या वडिलांनी शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी."

"म्हणजे तुम्ही ही व्याह्यांच्या घरी पाठवून माझं नाक कापणार होता!" राजे संतापले आणि ओशाळलेही. ते गर्रकन साळूकडे वळले. "फार शहाणी आहेस ना? मग आता मोल सांग हिचं! पितळेच्या भावाने सांगशील तर माझ्या पूर्वजांचा अपमान, सोन्याच्या भावाने सांगशील तर तुझा बाप खोटा. बोल!"

हरबाने डोळे मिटले. साळू मात्र लगेच बोलली.

"महाराज, सोन्याची असती तर कुठल्याही सोनाराने बसल्या जागी मोल केलं असतं. पण हिने एका दुपारीत तुमच्या या म्हाताऱ्यांना खरं बोलायला लावलं! असं दुसरं भांडं जगात कुठे असेल तर मागवा. त्याच्या भावाने हिचं मोल करू!"

राजांना असं हसू फुटलं, की ते पाटावरून कलंडले. पोट आवळत त्यांनी मनगटातलं कडं उतरवलं आणि साळूच्या ओंजळीत टाकलं. "घे! हरबा, तुझी भट्टी शाबूत. आजपासून तू दरबारचा तांबट!"

साळूने वाकून मुजरा केला. मग कडं बापापुढे धरलं.

"आबा, आधी नीट बघून घ्या. घराणं तेच आहे."

आणि राजे पुन्हा कलंडले!