तांब्याच्या मुखवट्याची आतली बाजू

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्यासह आफ्रिकेत, काँगोच्या अरण्यातल्या एका गावी राहत होता. ते दोघे सलाम्पासू जमातीचे. या लोकांत योद्ध्यांसाठी लाकडी मुखवटे कोरतात. पुढे आलेले कपाळ, टोकदार दात, वर तांब्याचा पत्रा. असा मुखवटा चढवून नाचण्याचा मान शौर्याने मिळवावा लागतो. साहजिकच तो घडवणाराही तसाच तोलामोलाचा लागतो.

शिष्याने प्रथमच एकट्याने मुखवटा घडवला. गुरूने पसंत केला, की स्वतंत्र कारागीर म्हणून त्याला मान्यता मिळणार होती. पत्रा असा लखलखत होता की शेजारची कोंबडी त्यात स्वतःला पाहून भांडायला उठली. गुरूने मात्र त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. डोळे मिटून मुखवट्याच्या आत हात फिरवला आणि तो परत केला. "अजून काम बाकी आहे, बाळ."

शिष्य चरफडला. म्हाताऱ्याची नजर गेली, असा निकाल त्याने मनातल्या मनात देऊन टाकला. राखेने घासघासून पत्रा आणखी उजळला. पुन्हा तेच! मग उत्सवाच्या दिवशी गुरूची पाठ वळताच त्याने मुखवटा परस्पर त्या दिवशी नाचणाऱ्या योद्ध्याच्या हवाली केला.

आणि काय तो नाच! योद्धा असा उसळला, अशा डरकाळ्या फोडू लागला, की पुढे बसलेले मागे सरकले आणि मागचे झाडावर चढले. "असा नाच उभ्या जन्मात पाहिला नाही! मुखवटा कोणी केला? बोलवा त्याला, सत्कार करू!" शिष्याच्या अंगावर मूठभर मांस चढले.

विसावा घ्यायला योद्धा झोपडीमागे गेला. शिष्यही धावत पोहोचला. तिथे गुरू योद्ध्याचे तोंड पाण्याने पुसत होता. नाक सोललेले, गालांवर ओरखडे. पत्रा ठोकताना खिळ्यांची टोके लाकडातून आरपार आत निघाली होती.

"पोरा," योद्धा कण्हला, "इतक्या लढाया केल्या, पण तोंडाची अशी चाळण कुणी केली नव्हती."

"पण दादा, लोक केवढे खूश झाले!"

"अरे, मी बोंबलत होतो! त्यांना वाटलं शौर्य. आता सांगणार कुणाला? योद्धा ना मी!"

गुरूला हसू आवरेना. मग तो शांतपणे म्हणाला, "बाळ, बाहेरची बाजू सारं गाव पाहतं आणि घरी जातं. आतली बाजू एकट्याच्या वाट्याला येते, आणि त्याला बोलायचीही सोय नसते. म्हणून मी आधी त्याचा विचार करतो."

मैदानातून हाका येत होत्या. योद्ध्याने दातओठ खात मुखवटा पुन्हा उचलला. शिष्याला स्वतःची लाज वाटली. त्याने तो काढून घेतला, खाली बसला आणि खिळ्यांचे एकेक टोक वाकवून लाकडात दाबू लागला. लोक ताटकळले, कंटाळले, काही उठून गेले. सत्काराचे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही.

नंतरचा नाच फारच सौम्य झाला. "मघासारखी मजा नाही," अशी कुरकुर सुरू झाली. शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते. त्या उग्र तांबड्या तोंडाआड योद्धा मजेत गुणगुणत होता, आणि शिष्य कान देऊन ऐकत होता.

चारचौघांत मिरवायचा पत्रा ठोकताना घरातल्या कुणाला खिळा लागत नाही ना, एवढे आपणही विचारून घ्यावे.