जांभळीला थोरला म्हणणारं गाव

एका गावात दोन भाऊ राहत होते. म्हणजे, ही गोष्ट सुरू होते तेव्हा एकच उरला होता.

दोघं लाकूड कापायचे. त्यांच्याकडे एक लांब करवत होती, दोन्ही टोकांना मूठ असलेली. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. थोरला शांत, धाकटा तापट. कुणी काम सांगितलं की थोरला म्हणायचा, “येतो.” धाकटा म्हणायचा, “का?” त्यामुळे धाकट्याकडे गाव कधी जायचंच नाही.

कुणाचं छप्पर उडालं, बोलवा थोरल्याला. म्हैस चिखलात रुतली, बोलवा थोरल्याला. नवरा-बायकोचं भांडण झालं तरी थोरला. बिचाऱ्याला भांडणातलं काही कळायचं नाही, पण तो जाऊन बसायचा आणि तो बसला की लोक गप्प व्हायचे.

गावातून एक ओढा वाहत होता. पावसाळ्यात त्यात फांद्या, पालापाचोळा, गाळ अडकायचा. जुनी रीत अशी, की दर घरामागे एका माणसानं ओढ्यात उतरायचं आणि वाट मोकळी करायची. रीत चांगली होती. पण त्याच दिवशी कुणाची कंबर धरायची, कुणाकडे पाहुणे यायचे. पाटलांना तर पाण्यात पाय घातला की शिंका यायच्या. शेवटी ओढ्यात थोरला एकटाच दिसायचा. लोक काठावरून म्हणायचे, “सांभाळून रे बाबा,” आणि तेवढं म्हणून जेवायला जायचे.

त्या वर्षी आषाढात थोरला असाच दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप चढला, तो उतरलाच नाही. थोरला गेला.

धाकट्याला धड रडताही आलं नाही. रडायला बसला की कुणीतरी भेटायला यायचं.

“मोठं झाड पडलं रे,” पाटील म्हणाले.

“झाड पडलं, आता पाखरांनी कुठं जायचं?” काठच्या आळीतली म्हातारी म्हणाली.

“सावली गेली,” देवळातला गुरव म्हणाला. “झाड होतं म्हणून सावली होती.”

गावात कुणीही गेलं की झाडच पडायचं, दुसरं काही सुचायचंच नाही कुणाला. धाकट्यानं दोन दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माझा भाऊ झाड नव्हता. झाडाला ताप येत नाही.”

“दुःखात आहे पोरगं,” लोक एकमेकांना म्हणाले आणि पान लावत बसले.

दहाव्या दिवशी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. जो तो थोरल्याची राहिलेली इच्छा शोधू लागला. पाटील हात जोडून म्हणाले, “थोरल्या, तुझ्या धाकट्याचं लग्न करून देऊ.” कावळा आला नाही. म्हातारी म्हणाली, “त्याला तिळाची चटणी फार आवडायची,” म्हणून चटणी आणली. तरीही आला नाही.

“पाऊस कोसळतोय,” धाकटा म्हणाला. “तुम्ही तरी आला असता का?”

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले. पण गावाच्या मनात ते राहिलंच. थोरल्याचा जीव कशात तरी अडकलाय.

त्यानंतर चार दिवसांत ओढ्याकाठची जुनी जांभळी पडली. मुळाखालची माती कधीची वाहून गेली होती, एका वाऱ्यात ती उन्मळली आणि ओढ्यात आडवी झाली. बुंधा या काठाला, शेंडा त्या काठाला. सकाळी लोक बघायला गेले, तर जांभळीच्या फांद्यांवर कावळेच कावळे.

गुरवाचे डोळे मोठे झाले. “पिंडाला शिवले नाहीत आणि इथं बसलेत. अहो, हा थोरलाच आहे.”

“त्यांची घरटी होती हिच्यावर,” धाकटा म्हणाला. “घर पडलं म्हणून बोंबलतायत ते.”

पण त्याचं कोण ऐकणार? दुपारपर्यंत जांभळीला हळद लागली, संध्याकाळपर्यंत नारळ फुटला. दुसऱ्या दिवशी पाटलांनी दवंडी दिली, की जांभळीला कुणी कुऱ्हाड लावायची नाही, फांदीसुद्धा मोडायची नाही. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, थोरला गावासाठी आडवा पडलाय.

मग जांभळीचं सगळं करणं सुरू झालं. रोज हार, रोज नैवेद्य. पूजेचे केळीचे खांब तिथंच टाकायचे, नारळाच्या शेंड्या तिथंच, कोमेजलेली फुलं तिथंच. वरून वाहत येणाऱ्या फांद्या त्यात अडकायच्या, त्यात गाळ बसायचा. जिवंत थोरला ज्या ओढ्यातून कचरा काढायचा, त्याच ओढ्यात मेलेल्या थोरल्याच्या नावानं कचरा घालत होते. धाकट्यानं हे एकदा ओरडून सांगितलं. म्हातारी म्हणाली, “असं बोलू नये रे, तो ऐकतोय.”

थोरल्याची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, तीही रोज जांभळीपाशी जायची. भाकरीचा तुकडा ठेवायची, बुंध्याला टेकून हळू आवाजात काहीबाही बोलायची आणि घरी येऊन चूल पेटवायची. तिच्यापुढं धाकटा गप्प बसायचा. तेवढ्यानं तिला बरं वाटत असेल तर वाटू दे, म्हणायचा मनाशी.

एका दुपारी तिथं कुणीच नव्हतं. तेव्हा धाकट्यानंही इकडं तिकडं बघितलं, जांभळीच्या सालीवर हात ठेवला आणि म्हणाला, “दादा.” साल ओली होती, मुंग्या चालल्या होत्या. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग स्वतःचाच इतका राग आला, की एक दगड उचलून त्यानं पाण्यात भिरकावला आणि घरी आला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

श्रावणात पावसानं तोंड उघडलं ते मिटलंच नाही. जांभळीपाशी पाणी अडलं, फुगलं, मागं सरकलं आणि काठच्या आळीच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

“थोरला रुसलाय,” गुरव म्हणाला.

“कशानं?” पाटलांनी विचारलं.

“कालच्या नैवेद्यात मीठ नव्हतं.”

नैवेद्य पुन्हा झाला, मीठ घालून. पाणी उंबरा ओलांडून आत आलं. आळीतल्या लोकांनी धान्याच्या कणग्या माळ्यावर चढवल्या, लेकरं खांद्यावर घेतली आणि सगळे मिळून जांभळीपुढं हात जोडून उभे राहिले. वाट मोकळी कर रे बाबा, म्हणून गाऱ्हाणं सुरू झालं.

धाकट्याचं घर उंचावर होतं. तो ओट्यावर बसून बघत होता. पाणी आळीत शिरताना बघून त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर आतून बरं वाटत होतं. बुडा, म्हणत होता तो मनात. दादा पाण्यात उभा होता तेव्हा जेवायला गेला होतात ना, आता बसा पाण्यात. करवत त्याच्या पाठीमागं भिंतीला टांगलेली होती. उठून ती घेतली आणि दुसरी मूठ कुणी धरली, तर जांभळी दोन तासांत तुटली असती. पण कशासाठी उठायचं? या लोकांसाठी? आणि करवत लावायची कशाला, तर ज्याला सगळं गाव थोरला म्हणतंय त्या लाकडाला. आयुष्यभर म्हणतील, यानं भावाला कापलं.

वहिनी जांभळीकडून भिजून परत आली. पदर पिळत म्हणाली, “भावजी, तुम्ही बसलाय काय?”

“मग काय करू? गाऱ्हाणं घालू?”

“हे असते तर सकाळीच पाण्यात उतरले असते.”

“उतरला म्हणूनच मेला ना,” धाकटा खेकसला. हे तिला बोलायचं नव्हतं.

वहिनी रागावली नाही. ती त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. “उतरले म्हणून नाही मेले,” ती म्हणाली. “एकटे उतरले म्हणून मेले. त्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

धाकट्यानं तोंड फिरवलं. त्या दिवशी तो घरातच होता. गाव येत नाही तर मी का येऊ, म्हणून आडवा पडून राहिला होता.

“मीही नव्हते,” वहिनी म्हणाली. “मी म्हटलं, जातील आणि येतील. नेहमीच यायचे.” मग म्हणाली, “मी रोज जाते तिथं. रोज बोलते. काल विचारलं, कोयता कुठं ठेवलाय, सापडत नाही. लाकूड आहे ते भावजी. मलाही कळतं. पण घरात बसून कुणाशी बोलू? तुम्ही तर कुत्र्यासारखे अंगावर येता.”

धाकटा उठला, करवत काढली, दोर घेतला आणि उताराला लागला. मागून वहिनी आली.

करवत बघून गाऱ्हाणं थांबलं. पाटील आडवे आले. “खबरदार. सख्ख्या भावाला कापणार? पाप कुणाच्या माथी?”

“पाप माझ्या माथी मारा,” धाकटा म्हणाला. “दोर तुम्ही धरा.”

कुणीच दोर घेईना. सगळे जमिनीकडे बघू लागले. धाकट्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला दादाची कीव आली. वर्षानुवर्षं हेच बघितलं असेल त्यानं पाण्यात उभं राहून. मग धाकट्यानं ते केलं जे थोरल्यानं कधीच केलं नव्हतं. तो काठावरच बसला.

“मी एकटा उतरणार नाही,” तो म्हणाला. “एकट्यानं उतरणारा गेला. ही करवत एकट्याला चालतही नाही. ज्याचं घर बुडतंय त्यानं यावं.”

पाणी वाढत होतं. कुठल्या तरी घरातून एक पाळणा तरंगत बाहेर आला, रिकामाच, पण बघून बायका किंचाळल्या. तेव्हा वहिनी पुढं झाली, पदर खोचला आणि करवतीची दुसरी मूठ धरली.

म्हातारी बघत होती. जांभळीला पहिली हळद तिनंच लावली होती. ती पाण्यातून वाट काढत आली आणि दोराचं टोक हातात घेतलं. “माझ्या चुलीत मासे फिरतायत,” ती गुरवाला म्हणाली. “तुझं देऊळ टेकडीवर आहे, तुला रुसवे सुचतात. थोरला असता तर आज शिव्या घातल्या असत्या आपल्याला.”

“तो शिव्या घालत नव्हता,” धाकटा म्हणाला. “तिथंच चुकलं त्याचं.”

म्हातारीच्या मागं आळीतले बाप्ये आले. दोराला हात लागत गेले.

दोघं कमरेला दोर बांधून उतरले. वहिनी वरच्या बाजूला, धाकटा खालच्या, कारण लाकूड तुटलं की त्याच बाजूला जाणार होतं. पहिल्याच झटक्याला करवत अडकली.

“वहिनी, ढकलू नको,” तो म्हणाला. “नुसतं ओढायचं. ओढून झालं की हात सैल सोडायचा. तू सोडलंस तरच मला ओढता येईल.”

“तुम्हाला हे असंच शिकवायचे का?”

“दादा डोक्यात टपली मारायचा.”

वहिनी हसली आणि हसता हसता रडली, पण हात थांबवला नाही. तिचे हात दमले तेव्हा आळीतला एकजण तिच्या जागी उतरला, तो दमल्यावर दुसरा. धाकटा मात्र हटला नाही. बुंधा अर्ध्याच्या वर कापला गेला तसा तो कुरकुरायला लागला. “ओढा,” म्हातारी ओरडली, आणि काठावरच्यांनी दोघांना वर ओढून घेतलं. बुंधा कडाडला. पाण्याच्या जोरानं जांभळी फिरली, केळीचे खांब, हार, शेंड्या सगळं घेऊन वळणाकडे निघून गेली. तिच्यामागं ओढा धावला. अंधार पडायच्या आत आळीतल्या जमिनी दिसू लागल्या.

धाकटा चिखलात बसून राहिला. वळणापर्यंत जांभळी दिसत होती तोवर बघत होता. ती दिसेनाशी झाली तेव्हा तो रडला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. या वेळी कुणी झाडाचं नाव काढलं नाही. म्हातारीनं नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या आषाढात ओढा साफ करायचा दिवस आला. धाकटा भल्या सकाळी काठावर जाऊन बसला, पण पाण्यात पाय घालेना. लोक आले. कुणी म्हणालं, “कर की सुरुवात.” धाकटा म्हणाला, “सगळे येऊ देत.” कंबर दुखणारे आले. पाहुणे आलेले पाहुण्यांना घेऊन आले. गुरवही आला. ऊन डोक्यावर आलं तरी धाकटा जागचा हलला नाही.

“आता कोण राहिलं?” लोकांनी कंटाळून विचारलं.

“पाटील.”

“अरे, त्यांना शिंका येतात.”

“येऊ देत,” धाकटा म्हणाला.

दोन माणसं पाटलांना आणायला गेली. पाटील आले, धोतर वर खोचलं, तोंड वाकडं करत पाण्यात उतरले आणि खरोखरच शिंकले. मग धाकटा उठला आणि त्यांच्या शेजारी पाण्यात जाऊन उभा राहिला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: गेलेल्या माणसापुढं हात जोडण्याआधी, तो असताना ज्या कामाला आपण हात लावला नाही, त्या कामाला हात लावावा.