कोरड्या दगडावरचे पोहणे

एकदा एका नगराला आपल्या नदीची लाज वाटू लागली. लाज वाटली की माणूस घर झाडायला घेतो. या नगराने मात्र नदीचे नावच बदलायचे ठरवले. तिला यापुढे नाला म्हणावे, अशी सूचना नगरसभेत आली आणि कोणाची भुवईसुद्धा वर गेली नाही.

सूचना आणणारा एक व्यापारी होता. नदीकाठी त्याचा कापड रंगवण्याचा कारखाना होता आणि तिथले कधी निळे, कधी तांबडे पाणी तो सरळ पात्रात सोडून देई. नगराचा नियम जुना होता. ज्या पाण्यात माणसे पोहतात, त्यात कोणी घाण सोडायची नाही. नाल्याला हा नियम लागू नव्हता. म्हणजे इथे आता कोणी पोहत नाही, एवढे कागदावर आले की व्यापाऱ्याचे काम फत्ते. आधी पाणी नासवायचे, आणि लोक पळाले की इथे कोणी फिरकत नाही म्हणून ओरडायचे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पाहणीचे काम एका अधिकाऱ्याकडे आले. लहानपणी तो याच घाटावर पोहायला शिकला होता. कमरेला सुके भोपळे बांधून त्याला पाण्यात सोडणारे वस्ताद आता ऐंशीच्या पुढे होते. त्यांची गाठ पडू नये, असे त्याला मनातून वाटत होते, कारण कागद तयार होता आणि फक्त त्याची सही व्हायची होती.

वस्ताद घाटावरच होते. खालच्या रुंद पायरीवर अकरा मुले पालथी पडून कोरड्या दगडावर हातपाय मारत होती आणि वस्ताद काठी टेकत एकेकाचे कोपर नीट करत होते. चार हातांवर नदी काळी, फेसाळ वाहत होती. पुलावर माणसे जमून हसत होती.

"बघा साहेब," व्यापारी नाकावरचा रुमाल न काढता म्हणाला, "साठी बुद्धी नाठी. दगडावर पोहतायत. आता तरी लिहा, पाण्यात कोणी नाही म्हणून."

अधिकारी पायऱ्या उतरून गेला. "वस्ताद, लोक हसतायत तुम्हाला. पलीकडे नवा तलाव बांधलाय, पाणी अगदी स्वच्छ आहे. मुलांना घेऊन तिकडे या ना."

"म्हणजे हा घाट ओस पडला की तू सही करायला मोकळा. होय ना?"

अधिकाऱ्याने मान खाली घातली.

वस्तादांचा आवाज चढला. "अरे, घाण झाल्याने नदी मरत नाही. घाण थांबवा, चार पावसाळ्यांत ती स्वतःला धुऊन घेते. तिच्यात उतरावंसं वाटणारं शेवटचं माणूस घरी गेलं, की मग ती मेली. तुला निदान आठवतं तरी. या पोरांना नदी म्हणजे नाक दाबून ओलांडायची जागा. मी गप्प बसलो, तर आपलं काही हिरावून घेतलंय हेही यांना कळणार नाही. म्हणून रोज इथंच आणतो यांना, हक्क सांगायला. आणि हसायचंच असेल, तर पोरांवर ही पाळी ज्यांनी आणली त्यांना हसा की."

एक मुलगी उठून बसली. दगडाने तिची कोपरे सोलवटली होती. तिने विचारले, "वस्ताद, पाण्यात कधी उतरायचं?"

 वस्ताद आपल्या जुन्या शिष्याकडे, अधिकाऱ्याकडे पाहत राहिले.

अधिकाऱ्याला त्या नजरेपुढे उभे राहवेना. तो पायरीवर बसला, गुडघ्यावर कागद ठेवून आधीचा मजकूर त्याने खोडला आणि लिहिले, 'पोहणारे अकरा जण हजर आहेत. पोहण्याजोगे पाणी मात्र नाही. ते आणणे नगराचे कर्तव्य असून सुरुवात रंगाच्या कारखान्यापासून करावी.' त्याखाली त्याने ठसठशीत सही केली.

आपल्या गावच्या नदीला आपण नाला कधीपासून म्हणू लागलो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.