ठिपक्यांच्या दोन वह्या

“…पण दोन्ही चांगल्या असतील, भंतेजी, तर माणसानं निवडायचं कसं?”

अश्वजितनं दोन वह्या विहाराच्या पायरीवर शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही कोऱ्या. दोन्हींवर अजून प्लॅस्टिकचं वेष्टण होतं.

भंते उपसेन वह्यांकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते. नागपूरची एसटी फाटकासमोरच थांबते, आणि ती यायची वेळ झाली होती.

आत बुद्धमूर्तीसमोर करुणा बसली होती. अश्वजितची मोठी बहीण. उद्या सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. नवरा कालच पुढे गेला होता, दवाखान्याचं बघायला. भंतेंनी नुकताच तिच्यासाठी रक्षणाचा परित्राण पाठ म्हटला होता, आणि त्याचा पांढरा दोरा तिच्या मनगटावर होता.

बहीण आत, भाऊ बाहेर. मधलं दार सताड उघडं होतं.

बाप गेला त्या दिवशी करुणा अश्वजितकडे बघून चारचौघांत बोलून गेली होती, “पाहुण्यासारखा आला अन् पाहुण्यासारखाच चालला.” अश्वजितला ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तेव्हापासून त्यानं तिच्याशी अबोला धरला होता.

ऑपरेशनचं कळलं तसा तो पुण्याहून धावत आला. अगदी विहाराच्या पायरीपर्यंत आला, आणि तिथं त्याला एकदम वह्यांचं आठवलं.

“काय फरक आहे दोन्हींत?” भंतेंनी विचारलं.

विचारायचाच अवकाश होता.

“हिचा कागद जाड आहे. शाई मागं उमटत नाही. पण ठिपके जरा गडद, लिहिताना डोळ्यांत येतात. आणि हिचे ठिपके कसे फिके, हवे तसे! वही सपाटही उघडते. पण कागद पातळ. दुकानात तासभर उभा होतो, भंतेजी. शेवटी दोन्ही उचलल्या.”

“रेघा नाहीत?”

“नाहीत ना, तीच तर मजा आहे. रेघांची वही आपल्याला बांधून टाकते. कोऱ्या पानाची भीती वाटते. ठिपके सांभाळूनही घेतात आणि मध्येही येत नाहीत.”

“मग वेष्टण का काढलं नाहीस?”

“काढलं तर दुकानदार परत घेणार नाही.”

“लिहितोस काय त्यात?”

“कामं. प्रत्येक कामाच्या आधी एक टिंब द्यायचं. काम झालं की टिंबावर फुली. राहिलं तर टिंबाला अशी बाणाच्या टोकासारखी चोच काढायची, आणि ते काम पुढच्या महिन्याच्या पानावर न्यायचं. वही संपली की पुढच्या वहीत.” त्याचा आवाज चढला. ऑफिसात निम्म्या लोकांना त्यानं हे शिकवलं होतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता. “यातून काही निसटत नाही, भंतेजी. एकही काम नाही.”

“नव्या वहीत काय काय न्यायचंय?”

अश्वजित वह्यांच्या कडा जुळवू लागला.

आत करुणाला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ ती थांबेना. अश्वजितची मान दाराकडे वळली आणि तशीच परत फिरली.

“बरंच आहे,” तो म्हणाला. “गाडीचा विमा. दाढ दाखवायचीय…”

“आणि?”

“माळ्यावरचा पसारा…”

“आणि, अश्वजित?”

“ताईशी बोलायचंय.” हे त्यानं वह्यांकडे बघतच सांगितलं. “दर महिन्याला लिहितो. एकदाही विसरलो नाही.”

“आणि महिना संपला की?”

“चोच काढतो.”

माणूस हुशार होता, यात वाद नाही. न केलेलं काम इतकं टापटीप सांभाळणारा दुसरा कुणी त्या पंचक्रोशीत नसेल.

लांब वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. आत सतरंजीवरून कुणी उठल्याची सळसळ झाली.

“या खेपेला पहिल्याच पानावर तेच लिहिणार आहे,” अश्वजित घाईघाईनं म्हणाला. “म्हणून तर वही नीट निवडायचीय. ऑपरेशन होऊ दे. तिला बरी होऊन घरी येऊ दे. मग निवांत बसून…”

“घरी येऊ दे,” भंते म्हणाले.

भंतेंनी हात पुढं केला. “वह्या देतोस?”

“घ्या ना. तुम्हीच सांगा कुठली ते.”

“निवडायला मागत नाही. देतोस का?”

भिक्खू न दिलेलं घेत नाहीत. त्यात भंते उपसेन तर तीनदा ‘दिलंस का?’ असं विचारल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा हातात धरत नसत. गावाला त्यांची ही सवय ठाऊक होती आणि लहानपणापासून अश्वजितलाही. भंतेंनी कधी कुणाकडे काही मागितल्याचं मात्र त्यानं पाहिलं नव्हतं. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“दिल्या.”

“दुसऱ्यांदा विचारतो.”

“दिल्या.”

एसटी फाटकासमोर येऊन उभी राहिली. दारात करुणाची सावली पडली.

“तिसऱ्यांदा विचारतो.”

“दिल्या, भंतेजी, दिल्या!”

करुणा बाहेर आली. हातात कापडी पिशवी. चार पावलं चालली तरी तिला धाप लागत होती. भावाजवळ येऊन ती थबकली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. अश्वजित बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी सुटलेली नव्हती.

ती पुढं निघाली.

“करुणा.”

भंतेंनी दोन्ही वह्या पायरीवर तिच्यासमोर ठेवल्या. “या घेऊन जा.”

“मले कायले, भंतेजी?”

“दवाखान्यात दिवस सरत नाही.”

तिनं सावकाश वाकून वह्या उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. भंतेंना वंदन केलं. मग फाटकातून बाहेर जाऊन दांडीला धरून कशीबशी एसटीत चढली.

“भंतेजी, त्या माझ्या आहेत!”

“होत्या.”

“अहो, मला वाटलं तुम्ही नुसत्या बघून…”

भंते फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथं उभे राहिले. अश्वजित त्यांच्यामागोमाग गेला. एसटीत बेल वाजली.

खिडकीत करुणा बसली होती. चेहरा पिवळा पडलेला, नजर समोर. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं. बाप गेल्यावर त्या घरात आपल्याला हाक मारणारं एवढं एकच माणूस उरलंय, आणि ते उद्याचा दिवस पाहील की नाही याचा भरवसा नाही, हे अश्वजितला इतके दिवस कळत होतं. आता ते त्याच्या छातीवर येऊन बसलं. त्याला रडू फुटायला लागलं.

गाडी हलली.

“ताई!” तो ओरडला. “ताई, थांब! माझ्या वह्या!”

इतक्या दिवसांनी तोंडातून ताई निघालं, तेही वह्यांसाठी. पण निघालं.

गाडी दहा पावलांवर थांबली. कंडक्टर दारातून डोकावून खेकसला, “चढायचं असन तं चढा ना भाऊ, तमाशा कायले करता?”

अश्वजितनं धावत जाऊन दाराच्या फळीवर पाय ठेवला. आतलं त्याला दिसत होतं. करुणानं मान वळवली नव्हती. पण शेजारच्या जागेवरची पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली होती.

त्याचा पाय फळीवरच थिजला. दुसरा पाय जमिनीवरून निघेना. त्यानं मागं वळून पाहिलं.

“भंतेजी… काय बोलू तिच्याशी?”

भंते फाटकातूनच म्हणाले,

“मघापासून माझ्याशी बोलत होतास तेच. वह्या तिच्याकडेच आहेत.”