उंबरपट्टी

डोंगरांपलीकडं एक छोटंसं राज्य होतं. नाव विचारू नका, मला ही गोष्ट सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं. त्या राज्याचा कारभारी होता गिरमाजी. मोठा हुशार माणूस. तांबटाच्या घरी जन्मला, भांडी ठोकता ठोकता लिहायला शिकला, अक्षर देखणं म्हणून दरबारात कारकून झाला आणि चढत चढत कारभारी झाला. त्याची पाठची बहीण चिमा मात्र तांबट आळीतच दिली होती.

एका वर्षी खजिन्याने तळ गाठला. राजाने गिरमाजीला बोलावलं.

"कारभारी, दोनच वाटा दिसतात. लोकांवर नवी पट्टी बसवायची, नाहीतर वाड्याचा खर्च छाटायचा. मला त्यातलं फारसं कळत नाही. तुम्ही सांगाल तसं करू. आठ दिवस घ्या."

गिरमाजीने खर्चाची यादी मागवली. वाचता वाचता त्याला हसूच फुटलं. सात हत्ती, आणि बारा वर्षांत त्यांच्यावर कुणी बसलेलं नाही. दिवसातून पाच वेळा चौघडा, ऐकायला कुणी असो वा नसो. राजाच्या अंगरख्याला अत्तर लावायला एक माणूस, आणि ते लावलं की नाही हे बघायला दुसरा! "अरे, इथं नुसती कात्री लावायचा अवकाश आहे," असं म्हणत त्याने कागद उलटला. मागच्या बाजूला त्याचंच नाव होतं. कारभाऱ्यांची पालखी, आठ भोई, पुढं एक शिपाई आणि वर मानाची छत्री, अब्दागिरी. बरं, कारभाऱ्यांचं घर वाड्यापासून किती लांब? तर दोन गल्ल्या.

आता झाली की नाही पंचाईत! हत्ती कमी करा म्हणावं, तर कुणीतरी विचारणारच, मग तुमच्या पालखीचं काय? आणि पालखी सोडायची कशी? तांबटाचं पोर पालखीतून जातंय हे बघायला एके काळी अख्खी आळी दारात येऊन उभी राहिली होती. त्याने यादी गुंडाळली आणि पेटीच्या तळाशी घातली.

म्हणजे राहिली पट्टी. पण कुणावर? सरदारांना जुन्या सनदांनी सगळं माफ. गोरगरिबांच्या झोपडीत घेण्यासारखं काही नव्हतंच. उरले मधले. तांबट, शिंपी, कासार, पंतोजी, वैद्य, लहान दुकानदार. ही माणसं अब्रूला जपणारी. घरात शिजवायला काही नसलं तरी चूल पेटवून धूर काढतील, पण वाड्यासमोर येऊन ओरडणार नाहीत. गिरमाजीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण तो त्यांच्यातलाच होता. त्याने कागद लिहिला. ज्या घराला लाकडी उंबरठा, त्या घराने दरमहा एक रुपया उंबरपट्टी भरावी. सरदारांना सनदांनी वाचवलं, झोपड्यांना उंबरठाच नसतो म्हणून त्या सुटल्या. अडकले ते नेमके मधलेच. पळवाट राहू नये म्हणून त्याने खाली आणखी एक ओळ घातली. दारात लाकूड आडवं पडलं की तो उंबरठा समजावा.

"आणि खर्चाचं काय?" राजाने विचारलं.

"छाटायला जागाच नाही, महाराज," गिरमाजी म्हणाला. बोलताना त्याने मान वर केली नाही.

राजाने शिक्का मारला. गावात कुणी काही विचारलं तर गिरमाजी हात वर करायचा. "मी काय करणार बाबा, वरून हुकूम आलाय."

चार महिने लोकांनी मुकाट्याने पट्टी भरली. मग एके दिवशी शिंपी आळीत करवतीचा आवाज आला. एकाने आपल्या घराचा उंबरठा कापून काढला. त्याचं बघून शेजाऱ्याने काढला. महिन्याभरात आळ्याच्या आळ्या बोडक्या दिसायला लागल्या. पावसाचं पाणी सरळ घरात शिरायचं, पाठोपाठ विंचूकाटा. बायका सकाळी हळदकुंकू घेऊन दाराशी यायच्या आणि तशाच मागं फिरायच्या. गिरमाजी त्या बाजूने जाताना पालखीचा पडदा ओढून घ्यायचा. पालखी काही थांबायची नाही.

अशात चिमाच्या मुलाचं लग्न निघालं. गिरमाजी मामा, त्याला जाणं भागच होतं. लग्न नवरीच्या गावी लागलं आणि दिवस मावळायच्या आत वरात तांबट आळीत आली. मामाची पालखी आधीच येऊन दारात उतरली होती. पुढं चालणारा शिपाई बाजूला उभा राहिला. त्या आळीची उंबरपट्टी वसूल करायचं कामही त्याच्याकडंच होतं.

चिमा ओवाळणीचं तबक घेऊन दारात आली. चिमाच्या नवऱ्याने, म्हणजे दाजींनी, स्वतः ठोकलेलं तांब्याचं माप तांदळांनी काठोकाठ भरलं होतं. आणि दाराखाली उंबरठा नव्हता. लग्नाचा खर्च अंगावर आला तेव्हा दाजींनीही तो कापून काढला होता. नवरी आत येईपर्यंत एक फळी टाकू, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी फळी आणून आडवी ठेवली.

शिपाई पुढं सरकला. कारभाऱ्यांसमोर आपली चोख कामगिरी दाखवायची अशी संधी परत कधी येणार?

"दाजी, फळी टाकलीत. म्हणजे पट्टी लागू झाली."

"अहो, घटकाभराचं काम आहे. सून आत आली की उचलतो."

"घटकाभराचंसुद्धा लाकूड ते लाकूडच. तसा हुकूम आहे. अख्ख्या महिन्याची पट्टी पडेल."

वाजंत्री थांबली. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून आलेली तिची मावशी मोठ्याने म्हणाली, "अगंबाई! घराला उंबरठा नाही? मग आमच्या मुलीने यायचं काय ओलांडून?"

चिमाचा चेहरा एवढासा झाला. तिने भावाकडं पाहिलं. "दादा, तू तरी सांग ना ह्याला. काय रे, असला हुकूम ज्याने काढला, त्याच्या घरी लेकीबाळी नाहीत का?"

सगळे गिरमाजीकडं बघायला लागले. बोलायची हीच वेळ होती. पण तो धोतराचा काठ सारखा करत राहिला, जणू तेच महत्त्वाचं काम होतं.

शेवटी दाजींनीच फळी उचलली. गळ्यातलं उपरणं काढलं, त्याची घडी केली आणि दारात आडवी अंथरली. "कापडाचं काही लिहिलंय का हुकमात?" त्यांनी विचारलं.

शिपाई विचारात पडला. "नाही. कापडाचं काही नाही."

कुणीतरी हसलं. नवरीने मापाला पाऊल लावलं. घडीवर ठेवलेलं माप डुगडुगलं, बाहेरच्या बाजूला कलंडलं आणि तांदूळ रस्त्यावरच्या चिखलात सांडले. लक्ष्मी आत यायची, ती दाराबाहेरच सांडली, असं प्रत्येकाच्या मनात आलं. नवरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आत गेल्यावर नवं जोडपं एकेका वडीलधाऱ्याच्या पाया पडायला लागलं. मामांच्या पुढं आल्यावर नवरी वाकली, आणि गिरमाजी चटका बसल्यासारखा मागं सरकला.

"नको पोरी. माझ्या पाया पडू नकोस."

"का हो, काय झालं?" दाजी म्हणाले.

"तो हुकूम मी काढला." त्याचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाले? मग त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "महाराजांनी निवड माझ्यावर सोपवली होती. खर्च छाटता आला असता. यादीत माझी पालखी निघाली म्हणून मी खोटं बोललो. लाकडाची ओळही माझीच. तुम्ही ओरडणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून तुमच्यावर टाकलं. लाज वाटते मला. आज तुमच्या दारात गप्प उभा राहिलो, त्याची तर सगळ्यात जास्त."

त्याला वाटलं, आता कुणीतरी चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं. पानं मांडली होती, चिमा वाढायला लागली. भावाच्या पानाशी आली, भात वाढला, वरण वाढलं, तूप वाढलं. एरवी 'दादा, सावकाश जेव' म्हटल्याशिवाय ती पुढं जायची नाही. आज तशीच पुढच्या पानाकडं गेली.

दुसऱ्या दिवशी तो पायी दरबारात गेला. पेटीच्या तळाची यादी त्याने राजापुढं उलटी ठेवली, आपलं नाव वर येईल अशी.

"महाराज, मी खोटं बोललो. छाटायला भरपूर जागा आहे. सुरुवात इथून करा, आणि मला काढून टाकायचं असेल तर तेही करा."

राजाने यादी दोन्ही बाजूंनी वाचली. अत्तरवाल्यांपाशी येऊन तोही ओशाळला. "मीही कधी बघितलं नाही, कारभारी. माझ्याच अंगरख्याची गोष्ट, आणि मला पत्ता नाही." त्याने गिरमाजीला काढलं नाही. पालखी गेली, अब्दागिरी गेली, हत्ती जंगलखात्याच्या कामाला लागले, चौघडा सकाळ-संध्याकाळवर आला. उंबरपट्टी त्याच दिवशी बंद झाली. सुतारांना महिनाभर उसंत मिळाली नाही.

दिवाळीला गिरमाजी चालत चिमाकडं गेला. दाराला नवा कोरा उंबरठा बसला होता, त्यावर हळदकुंकू होतं. तो बाहेरच उभा राहिला. सूनबाई पाणी घेऊन आली, मागोमाग चिमा आली.

"चिमे, माफ केलंस का मला?"

चिमाने सूनबाईकडं पाहिलं. "पट्टी बंद केलीस, ते चांगलं केलंस. पण हिचा गृहप्रवेश काही परत होत नाही रे. अजून कधीतरी तिच्या डोळ्यांत पाणी येतं. खोटं कशाला सांगू, माफ नाही झालेलं अजून." मग ती बाजूला झाली. "ये आत. ऊन फार आहे."

गिरमाजी मान खाली घालून आत गेला.

आता तात्पर्य काय, ते मुलांना सांगायचं आणि मोठ्यांनी ऐकायचं: दुसऱ्याच्या पानातलं कमी करण्याआधी आपलं पान बघावं. आणि जो ओरडत नाही त्याला दुखत नाही, असं कधी समजू नये.