सहाव्यांदा पायाभरणी

फार फार पूर्वी, तुमच्या खापरपणजीला दातसुद्धा आले नव्हते तेव्हा, डोंगराकाठी एक राज्य होतं. राजा मनानं चांगला, पण हलक्या कानाचा. गावात वैद्य नव्हता. आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर ओलांडायचा. काही पोचायचे, काही वाटेतच संपायचे. म्हणून राजानं दवाखाना बांधायचं ठरवलं.

पायाभरणी झोकात झाली. मांडव, सनई, पेढे! भिंती कमरेएवढ्या आल्या आणि कारभारी बदलला. नवा म्हणाला, "महाराज, आधीच्यानं दाराचं तोंड भलतीकडंच केलंय." झालं! भिंती पाडल्या. परत मांडव, परत पेढे. पुढच्यानंही तेच केलं. आपल्या हातची पायाभरणी नसली की कारभाऱ्यांना म्हणे जेवण जात नसे. असं पाच वेळा झालं. एका थैलीचा खर्च नऊ थैल्यांवर गेला, पण छपराचा पत्ता नाही.

गावात एक सुईण होती. पाठीत वाकलेली, जिभेनं सरळ. अर्धं गाव तिच्याच हातांवर जन्मलेलं, मग ती भिणार कुणाला?

सहाव्या पायाभरणीचा दिवस उजाडला. पाचव्याच्या कमरेएवढ्या भिंती अजून उभ्याच होत्या, मुहूर्त झाला की पाडायच्या. ऊन असं, की दगडावर भाकरी भाजावी. बांधकामावर दगड वाहणाऱ्या एका बाईला तिथंच कळा सुरू झाल्या. सुईणीनं धावत येऊन पोट चाचपलं. मूल आडवं होतं. डोंगर चढेपर्यंत दोघंही जाणार. सगळ्या माळावर सावली एकच, राजाच्या मांडवाची. तिनं चार बायका गोळा केल्या आणि बाईला उचलून ठेवलं थेट राजाच्या गालिच्यावर.

नवा कारभारी किंचाळला, "ए म्हातारे! कळतं का काही? मुहूर्त टळतोय!"

"टळू दे की. तुमचा दर वर्षी येतो. हिचा आत्ताच आहे."

"अगं, महाराज येतायत!"

"येऊ देत. त्यांनाही मीच बाहेर काढलंय. पायाळू होते, लई छळलं मेल्यांनी."

महाराज मागेच उभे होते. हसावं का रागवावं, त्यांना कळेना.

सुईण वळली. "बरा आलास, राजा. तो शेला सोड आणि आडोसा धर. तोंड तिकडं कर."

राजानं शेला धरला. हात भरून आले, तरी खाली केले नाहीत. आत म्हातारी घामानं निथळत होती, हळूहळू मूल फिरवत होती. "दम धर, पोरी. मी हाय ना." मुहूर्त गेला. दुपार कलली. आणि एकदम, ट्यांहां!

मुलगी झाली. आई पण सुखरूप.

राजाचे डोळे भरले. "आजी, काय देऊ?"

"छप्पर दे. हिनं पाच वेळा दगड वाहिले, अन् हिलाच टेकायला जागा नव्हती."

राजानं मान खाली घातली. मग हुकूम सोडला: उभी भिंत पाडायची नाही, आणि छप्पर चढेपर्यंत कारभाऱ्यानं त्याच भिंतींत राहायचं. ऊन, पाऊस, डास, सगळ्यासकट.

पाच जणांना जे वर्षानुवर्षं जमलं नाही, ते सहाव्यानं तीन महिन्यांत करून दाखवलं! उद्घाटनाला राजा वाजतगाजत आला. पण सुईणीनं त्याला दारातच अडवलं. आत दोघीजणी बाळंत होत होत्या.

तर मंडळी, कामाला हात घालणारे ढीगभर असतात. मोठा तोच, जो ते तडीला नेतो.