पाझरणारा माठ

फार पूर्वी वाळवंटातला एक माठ गलबतातून कोकणात आला. तिकडे ऊन भाजून काढायचं, पण वारा माठाचा घाम पुसायचा आणि पाणी गारेगार व्हायचं. इथे तो दिवसभर पाझरायचा, तरी पाणी कोमटच.

"अरे, लाखेचा लेप लावून घे. गळणं तरी थांबेल," तांब्याची कळशी हिणवायची.

"इथला वाराच घामानं भिजलेला, त्याला मी काय करू? पण पाझरणं सोडलं, तर मी माठ कसला?"

एका दुपारी घरधनीण आवडाक्का खरंच लाख घेऊन आली. माठ हट्टानं आणखीच पाझरला. घामानं निथळणाऱ्या आवडाक्कानं त्याच्या ओल्या पोटावर हात ठेवला आणि लाख बाजूला सारली.

"राहू दे, बाबा. एवढं उकडतंय, हे या घरात तुला तरी कळतंय!"